न काढलेली रेघ

वायरिंग डायग्राम कुणी आवडीनं वाचायला घेत नाही. गाडीत काही बिघडलं की तो उघडायचा, एका रेघेवर बोट ठेवून हव्या त्या वायरपर्यंत जायचं आणि काम झालं की मॅन्युअल पुन्हा फळीवर. पण मॉरिस मायनर १००० या गाडीचा डायग्राम सावकाश, एकेक खूण तपासत वाचला तर तो चांगल्या कवितेइतका आटोपशीर निघतो. त्यात शोभेची एकही रेघ नाही आणि सगळ्यात महत्त्वाची रेघ त्यात काढलेलीच नाही, नुसती सुचवलेली आहे. ती वाचता आली तरच जुन्या गाड्यांचं एक नेहमीचं दुखणं, रात्री चालता चालता हेडलाइट फडफडण्याचं, मुळापासून समजतं. हे रसग्रहण त्या न काढलेल्या रेघेचं आहे.

आधी गाडीची ओळख. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्यानं आखलेली मॉरिस मायनर ऑक्टोबर १९४८मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. १९५६पासून ती ‘मायनर १०००’ या नावानं विकली जाऊ लागली आणि १९६०च्या अखेरीस दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं तिचं आधीचं रूप ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून आणलं होतं. तिच्या घराण्यातली थोरली मॉरिस ऑक्सफर्ड तर अँबॅसिडर होऊन इथलीच झाली. मायनरच्या हेडलाइटना स्वतःचा इतिहास आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ते खाली, पुढच्या जाळीच्या दोन्ही कडांना होते. अमेरिकेत गाडी विकायची तर तिथल्या नियमांत ही उंची बसेना, म्हणून दिवे उचलून मडगार्डांवर बसवले गेले. गाडीचा चेहरा बदलला तो सगळ्यांना दिसला. विजेच्या बाजूनं झालेला बदल मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मायनरची मडगार्डं बोल्टांनी जोडलेली असतात आणि त्या जोडात एक पट्टी बसवलेली असते. म्हणजे दिवा ज्या पत्र्यात बसला तो पत्रा मूळ सांगाड्याला काही बोल्टांपुरताच भेटतो. पुढे वाचताना हे बोल्ट लक्षात असू द्यावेत.

आता मजकुराकडे. हा डायग्राम काळ्या शाईत छापलेला, पण तो बोलतो रंगांत. प्रत्येक रेघेवर अक्षरं असतात आणि ती अक्षरं म्हणजे विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या रंगांची लिपी. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, किल्ली काढली तरी जिवंत राहणारी वायर. पांढरी म्हणजे इग्निशनची किल्ली फिरवल्यावर जागी होणारी. तीच वीज फ्यूजमधून पुढे गेली की वायर हिरवी होते. लाल साइड आणि टेल लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. इंग्रजी ‘बी’ काळ्यानं घेतल्यामुळे तपकिरीच्या वाट्याला ‘एन’ आणि निळ्याच्या वाट्याला ‘यू’ आलं. जिथे दोन अक्षरं असतात तिथे पहिलं मूळ रंगाचं आणि दुसरं त्यावरून धावणाऱ्या बारीक धाग्याचं. निळ्यावर पांढरा धागा म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल धागा म्हणजे डिप्पर. मूळ रंग वायरचं कूळ सांगतो, धागा तिचं काम सांगतो. चार पानांचं वर्णन दोन अक्षरांत बसवण्याची ही काटकसर दाद देण्याजोगी आहे.

हेडलाइटपुरता अन्वय लावू. बॅटरीच्या एका टोकापासून जाड केबल स्टार्टरच्या स्विचवर येते. तिथल्या बोल्टावरून तपकिरी वायर निघते ती रेग्युलेटरच्या डब्यावर, ‘ए’ खुणेच्या टर्मिनलवर. डब्याच्या पोटातून वळसा घेऊन वीज ‘ए वन’ या टर्मिनलवर बाहेर पडते आणि तपकिरीवर निळा धागा असलेल्या वायरनं डॅशबोर्डवरच्या लाइटच्या स्विचकडे जाते. स्विच ओढला की ती निळ्या वायरनं खाली उतरते ती ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी, जमिनीवर बसवलेल्या डिप्परच्या बटणाकडे. बटण तिला निळ्या-पांढऱ्या किंवा निळ्या-लाल वाटेला लावतं. पुढे रेडिएटरच्या आसपास त्या वाटेला फाटे फुटतात, एक डाव्या दिव्याला, एक उजव्याला. दिव्यात फिलामेंट तापते, उजेड पडतो. आणि मग? डायग्रामवर दिव्याच्या मागून एक आखूड काळी रेघ निघते आणि एका छोट्या चिन्हापाशी संपते: खाली खाली लहान होत जाणाऱ्या काही आडव्या रेघा. अर्थिंग. वाक्य तिथे थांबल्यासारखं वाटतं.

ते थांबलेलं नाही. वीज वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय वाहत नाही, ही शाळेतली गोष्ट. त्या चिन्हापासून बॅटरीच्या दुसऱ्या टोकापर्यंतची वाट गाडीच्या पत्र्यातून जाते. मडगार्ड, त्याचे बोल्ट, पुढचा पत्रा, सांगाडा आणि शेवटी बॅटरीची वेणीदार अर्थिंग पट्टी. जाताना दहा ठिकाणी नाव-गाव सांगणारी वीज परतताना निनावी होऊन येते. सगळ्या दिव्यांची, हॉर्नची, वायपरची परतीची रेघ एकच असल्यामुळे ती प्रत्येक ठिकाणी काढणं शक्यच नव्हतं. काढली असती तर कागद काळा झाला असता. म्हणून चित्रकारानं सगळीकडे तेच चिन्ह ठेवलं आणि बाकीचं वाचकावर सोपवलं.

याहून एक बारीक गंमत आहे. मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असतं. १९३०च्या दशकाच्या मध्यापासून बहुतेक ब्रिटिश गाड्यांत ही पद्धत होती आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती मागे पडत गेली. गंज कमी लागतो, हे तेव्हा तिच्या बाजूनं दिलं जाणारं एक कारण. विजेचा प्रवाह धनाकडून ऋणाकडे, असं पाठ्यपुस्तक सांगतं. त्या हिशेबानं या गाडीतलं वाक्य उलटं वाचावं लागतं. आधी पत्रा, मग दिवा, मग निळी वायर, शेवटी तपकिरी. म्हणजे डायग्राममध्ये जी वाट काढलीच नाही, तिथूनच वाक्याची सुरुवात होते. कुठल्याही बाजूनं मोजलं तरी वर्तुळ तेच, हे खरं. पण अर्थिंगला ‘शेवटचं, किरकोळ काम’ समजणाऱ्या माणसानं हा उलटा अन्वय एकदा तरी करून पाहावा.

आता दिवा फडफडतो तेव्हा तो नेमकं काय म्हणतो, ते ऐकू. फडफड एकाच जातीची नसते आणि प्रत्येक जात डायग्रामच्या वेगळ्या तुकड्याकडे बोट दाखवते. हेडलाइटबरोबर डॅशबोर्डचे दिवे, टेल लाइट असं सगळंच एकदम मंदावत असेल, तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे बॅटरीची टोकं, तपकिरी वायर किंवा रेग्युलेटरचा डबा. दोन्ही हेडलाइट फडफडतात पण साइड लाइट स्थिर, तर लाइटचा स्विच आणि डिप्परचं बटण यांच्यामधली निळी वायर किंवा या दोन स्विचांचे कॉन्टॅक्ट. अप्पर चोख आणि फक्त डिप्पर चळतो, तर पायाखालचं बटण. ओल्या बुटांचं पाणी आणि माती वर्षानुवर्षं तिथेच उतरलेली असते. एकच दिवा चळतो, तर त्याचा स्वतःचा जोड किंवा त्याचं स्वतःचं अर्थिंग. रस्त्यातल्या खड्ड्यागणिक दिवा मिचकावत असेल तर काहीतरी सैल आहे. आणि इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट मंदावत असेल, तर दोघांनी परतीची एकच अरुंद वाट धरली आहे. चांगला इलेक्ट्रिशियन हत्यारांच्या पेटीला हात लावण्याआधी गाडी अंधारात उभी करून हे सगळं नुसतं बघतो. त्याचं अर्धं काम तिथेच होतं.

रेग्युलेटरच्या डब्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तिथली फडफड निरोगीही असू शकते. मायनरमध्ये अल्टरनेटर नाही, डायनामो आहे. इंजिन मंद फिरत असताना डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो, तेव्हा डब्यातला कटआउट दोघांना वेगळं ठेवतो आणि दिवे निव्वळ बॅटरीवर चालतात. ॲक्सिलरेटर दाबला, डायनामोचा दाब साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टच्या पट्ट्यात आला की कटआउट मिटतो आणि दिवे उजळतात. सिग्नलला मंद, निघालं की लख्ख. ही त्या यंत्रणेची बोलण्याची पद्धतच आहे, बिघाड नव्हे. डब्यातला दुसरा भाग डायनामोचं फील्ड सारखं जोडत-तोडत असतो, सेकंदाला कित्येक वेळा. हेडलाइटची फिलामेंट जाड असते, ती क्षणात थंड होत नाही, म्हणून ही उघडझाप डोळ्याला दिसत नाही. कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झाले, अडखळायला लागले की मात्र ती दिसते. गाडी वेगात असतानाही दिवे थरथरतात आणि ॲमीटर बसवलेला असेल तर त्याचा काटा त्यांच्या बरोबरीनं थरथरतो. एकाच डब्यातून निघणारी निरोगी लय आणि आजारी लय कानानं नाही, डोळ्यानं ओळखायची असते.

पण अनुभव असा, की फडफडीचं मूळ बहुतेक वेळा डब्यात नसतं, वायरीतही नसतं; ते जोडांत असतं. इथे पुन्हा डायग्राम कसा वाचायचा हा प्रश्न येतो. त्यात नजर भरते ती लांबलचक रेघांनी. जोड म्हणजे रेघेच्या मध्ये एक बारीक खूण. प्रत्यक्षात वायरचा लांब तुकडा पन्नास वर्षं काही न होता पडून राहतो आणि ती बारीक खूण सडते. त्या काळच्या ल्युकासच्या आकृत्यांच्या कोपऱ्यात एक छोटी सूची असते, सहसा कुणी न वाचलेली. तीत दाबून बसवायच्या जोडाची खूण वेगळी, टर्मिनलच्या पट्टीची वेगळी दिलेली असते. अर्थिंगच्या तर दोन खुणा असतात. एक वायरनं केलेल्या अर्थिंगची आणि दुसरी, वस्तू ज्या बोल्टांनी बसवली आहे त्याच बोल्टांमधून होणाऱ्या अर्थिंगची. हा दुसरा प्रकार म्हणजे चित्रकारानं खालच्या आवाजात दिलेला इशाराच आहे. इथे वायर नाही, इथे फक्त बोल्ट आहे. रंगाचा एक थर, गंजाचा एक पापुद्रा, एवढ्यानं ही वाट बंद होऊ शकते. मडगार्डाचे बोल्ट लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. मडगार्ड नव्यानं रंगवून आणलं, हौसेनं बसवलं आणि त्याच रात्री दिवे चळायला लागले, असं होतं तेव्हा रंगारी आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांकडे बघतात. दोघांनाही उत्तर त्या सूचीत मिळालं असतं.

एक जोड अगदी जवळून पाहू. ल्युकासचा दाबून बसणारा जोड म्हणजे वायरच्या टोकाला चढवलेली पितळी गोळी, व्यास ३/१६ इंच, म्हणजे साधारण पावणेपाच मिलिमीटर. अशा दोन गोळ्या समोरासमोरून एका चिरलेल्या धातूच्या नळीत शिरतात आणि वरून काळं रबरी वेष्टन. वेष्टन म्हातारं झालं की कडक होऊन फुटतं. हा जोड नेमका जाळीच्या मागे, पावसाचं पाणी आणि रस्त्याची धूळ थेट लागेल अशा जागी. ओढून काढायला जावं तर गोळी आधी हलत नाही. वायरला हिसका न देता, गोळीच धरून थोडी पिळत काढावी लागते. बाहेर येते ती काळवंडलेली, कडेला हिरवट-पांढरी पूड. नळीचा स्प्रिंगपणा गेलेला असतो, ती गोळीला चहूबाजूंनी धरत नाही, कुठेतरी एका काठावर टेकते. वीज जाते ती त्या काठावरून. वायर निरोगी, दिवा निरोगी, स्विच निरोगी आणि सगळ्यांचा जीव त्या काठावर.

त्या काठाची किंमत आकड्यात मांडता येते. दोन हेडलाइट, प्रत्येकी ६० वॅट, बारा व्होल्ट. म्हणजे मिळून दहा अँपिअर. दोघांच्या सामाईक वाटेवर एखाद्या जळक्या कॉन्टॅक्टनं फक्त ०.१ ओहमचा अडथळा आणला, तर तिथे एक व्होल्ट हरवतो. बारातला एक, फार वाटत नाही. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातानं बदलतो, म्हणून एक व्होल्ट गेला की उजेडाचा चौथा हिस्सा जातो; दोन गेले की निम्म्याच्या जरा वर उरतो. शिवाय त्या ०.१ ओहममध्ये दहा वॅटची उष्णता तयार होते. ती कॉन्टॅक्टला आणखी भाजते, स्प्रिंग आणखी मवाळ करते, अडथळा आणखी वाढवते. म्हणून जुन्या गाडीचे दिवे एका रात्रीत जात नाहीत. वर्षभर थोडे थोडे पिवळे होत जातात, मालकाचे डोळे त्याला सरावतात आणि फडफड सुरू होते तेव्हा तो म्हणतो, अहो, कालपर्यंत तर चांगले होते!

या टप्प्यावर अनेक जण मीटर काढतात आणि मीटर त्यांना फसवतो. बल्ब काढून होल्डरच्या टोकावर मीटर लावला तर तो बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, ‘वीज तर येतेय, बल्बच बाद.’ पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. वाहतूकच नसेल तर अरुंद पुलावरही खोळंबा होत नाही. म्हणून मोजायचं ते दिवे चालू ठेवून आणि व्होल्टेज नव्हे, व्होल्टेजची गळती. मीटरची एक पिन बॅटरीच्या टोकावर, दुसरी दिव्याच्या टर्मिनलवर. वाटेत जे हरवलं ते काटा सरळ सांगतो. वायरच्या बाजूनं अर्धा व्होल्ट चालून जाईल. अर्थिंगच्या बाजूनं, म्हणजे दिव्याच्या काळ्या वायरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत, एक-दोन दशांशापेक्षा जास्त निघालं तर पत्रा बोलतोय असं समजावं. मग पिन एकेका जोडावरून बॅटरीच्या दिशेनं सरकवत जायचं. आकडा जिथे एकदम पडतो तिथे दोष. ही डायग्रामवर बोट ठेवून केलेल्या वाचनाचीच पद्धत आहे, फक्त बोटाच्या जागी पिन.

आणि आता या मजकुरातली सगळ्यात सुंदर जागा. समजा उजव्या हेडलाइटचं अर्थिंग पूर्ण तुटलं. गाडी डिप्परवर आहे. डावा दिवा व्यवस्थित जळतो, उजवा विझायला हवा. पण तो विझत नाही. मंद, नारिंगी जळत राहतो. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे स्पीडोमीटरमधला अप्परचा इशारा दिवाही मिणमिणायला लागतो. अप्पर तर लावलेलाच नाही! स्विच उघडावा, डिप्परचं बटण बदलावं, असं वाटायला लावणारं हे लक्षण. डायग्राम उघडला की उलगडा होतो. उजव्या दिव्यात दोन फिलामेंट आहेत आणि दोघींचं एक टोक एकाच काळ्या वायरला जोडलेलं आहे. ती काळी वायर तुटली, तेव्हा डिप्परच्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला घरी जायला वाट उरली नाही. पण त्याच बिंदूवर अप्परची फिलामेंट भेटते. वीज तिच्यातून उलट्या दिशेनं शिरते, निळ्या-पांढऱ्या वायरवर येते. ती वायर डाव्या दिव्याच्या अप्परला आणि इशारा दिव्याला जोडलेली आहे आणि त्या दोघांचं अर्थिंग शाबूत आहे. तिथून ती घरी पोचते. बारा व्होल्ट तीन फिलामेंटमध्ये विभागले गेले, प्रत्येकीच्या वाट्याला साधारण चार. म्हणून सगळ्याच मिणमिणतात.

मला ही जागा फार आवडते. एक रेघ पुसली गेल्याबरोबर, डायग्राममध्ये आधीपासून असलेली पण कुणाच्याही ध्यानीमनी नसलेली दुसरी वाट उजेडात येते. ती काही चित्रकारानं आखलेली नव्हती, तरी त्याच्या रेघांत ती होतीच. साहित्यात याला आपण ध्वनी म्हणतो, सरळ अर्थ बाजूला झाला की उमटणारा. इथे तो चार व्होल्टच्या नारिंगी प्रकाशात डोळ्यांना दिसतो. आणि हे अर्थिंग पूर्ण न तुटता गंजलेल्या बोल्टाच्या एका आट्यावर टेकलेलं असेल, तर प्रत्येक खड्ड्याला वीज कधी सरळ वाटेनं, कधी या आडवाटेनं जाते. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती फक्त फडफड वाटते. डायग्राम वाचलेल्याला ती दोन वाक्यांची अदलाबदल दिसते.

हेच आणखी मोठ्या प्रमाणावर इंजिनाच्या बाबतीत घडतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं अधांतरी. त्याला सांगाड्याशी जोडणारी एक पट्टी असते. ती गेली की स्टार्टरची अजस्र वीज दुसरी वाट शोधते आणि चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून निघते. चोकची मूठ हाताला गरम लागली तर कार्ब्युरेटर उघडू नये, पट्टी बघावी. डायग्राममध्ये चोकची केबल मुळी नाहीच; ती विजेची वस्तूच नव्हे. तरी वीज तिथून जाते, कारण तिला आपला नकाशा ठाऊक नसतो.

रसग्रहणात तुलना लागतेच. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांच्या लाइट स्विचमध्ये एक ब्रेकर असतो: दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, जास्त वीज वाहिली की तापून वाकणारी आणि कॉन्टॅक्ट सोडणारी, थंड झाली की पुन्हा टेकणारी. अशा गाडीचे हेडलाइट शॉर्ट झाले, किंवा मालकानं हौसेनं जास्त वॅटचे बल्ब बसवले, की दोन्ही दिवे पूर्ण जातात, थोड्या वेळानं परत येतात, पुन्हा जातात, खड्ड्यांशी कसलाही संबंध न ठेवता. ही फडफड मुद्दाम रचलेली आहे. फ्यूज उडाला असता तर ड्रायव्हर वळणावर काळोखात सापडला असता. ब्रेकर त्याला निदान गाडी कडेला घेण्यापुरता तुटक उजेड देतो. मायनरच्या डायग्राममध्ये याच प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे: हेडलाइटच्या वाटेवर फ्यूजच नाही. दिवे काही झालं तरी जाऊ नयेत, हा हेतू चांगला. पण कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर वितळायला फ्यूज नाही, मग वितळते ती वायरच, आणि शेजारच्या वायरी सोबत घेऊन. दोन्ही मजकुरांत काळोखाची भीती एकच आहे. अमेरिकन मजकूर तिला यंत्रणेनं उत्तर देतो, ब्रिटिश मजकूर विश्वासानं. माझं मत विचाराल तर या एका जागी मायनरचा डायग्राम उणा पडतो.

उणिवा आणखीही आहेत. डायग्राम वायरची लांबी सांगत नाही, आणि जोड प्रत्यक्ष गाडीत कुठे लपला आहे तेही सांगत नाही. तो गाडीला कोरडी, नवी आणि न रंगवलेली धरून चालतो. काळाला त्यात जागा नाही. ल्युकासच्या नावानं जे विनोद जगभर चालतात त्यांचं मूळ मला इथे दिसतं. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकासनं एकोणिसाव्या शतकात सायकलच्या दिव्याला ‘किंग ऑफ द रोड’ नाव दिलं आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्या कंपनीला ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ करून टाकलं. ल्युकासच्या स्विचला तीन जागा असतात, मंद, फडफड आणि बंद, हा विनोद तर जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतो. विनोद झकास आहे, न्याय मात्र कमी. अर्ध्या शतकाचा गंज, तीन मालकांच्या जोडाजोड्या आणि कधीही न उघडलेले बोल्ट यांचा हिशेब एकट्या कारखान्याच्या माथी मारलेला असतो. नव्या जोडांनिशी, साफ केलेल्या अर्थिंगनिशी हीच वायरिंग आजही रात्रभर न चळता चालते.

आपल्याकडे ही लिपी अपरिचित नव्हती. ल्युकासचं सामान आयात गाड्यांतून आलं, आणि १९६१मध्ये मद्रासला ल्युकास-टीव्हीएस उभी राहिल्यावर इथेच बनू लागलं. त्यामुळे जुन्या इलेक्ट्रिशियनांना तपकिरी-निळ्याचा अर्थ पुस्तक न बघता ठाऊक असायचा. पण दुरुस्तीच्या वेळी हाताशी जी वायर असेल ती ओढायची, हीही आपली रीत. निळ्याच्या जागी लाल, काळ्याच्या जागी पिवळी, आणि जोड म्हणजे पीळ मारून वर टेप. शिवाय सुती वेष्टनाच्या मूळ वायरींचे रंग तेल-धुळीनं असे मरतात की सगळ्याच मातकट दिसतात. अशा गाडीत डायग्राम आणि वस्तू यांची फारकत झालेली असते. तिथे पाठभेद लावावे लागतात: एक टोक मोकळं करून, टेस्ट लॅम्प लावून, ही वायर मुळात कोण होती ते ठरवायचं आणि तिच्यावर चिठ्ठी बांधायची. काम कंटाळवाणं आहे, पण शुद्ध प्रत त्याशिवाय तयार होत नाही.

हल्ली यावर एक सोपा उतारा सांगतात: रिले बसवा. बॅटरीजवळून जाड वायर आणि फ्यूज घेऊन थेट दिव्यांना वीज द्यायची. जुन्या स्विचनं फक्त रिलेच्या गुंडाळीला इशारा करायचा, म्हणजे दहा अँपिअरऐवजी अर्ध्या अँपिअरहूनही कमी. उतारा खरोखर चांगला आहे. स्विच वाचतो, उजेड वाढतो, फ्यूजची उणीवही भरून निघते. पण रिले सुधारतो ती काढलेली रेघ. न काढलेली तिथेच राहते, आणि आता तिच्यावरून आधीपेक्षा जास्त वीज परतायची असते. अर्थिंग साफ न करता रिले बसवलेली गाडी म्हणून काही महिन्यांत पुन्हा फडफडायला लागते आणि मालक रिलेच्या नावानं बोटं मोडतो.

तेव्हा हा डायग्राम हाती आला तर निळ्या रेघेवर लगेच बोट ठेवू नये. आधी कोपऱ्यातली सूची वाचावी आणि अर्थिंगच्या दोन खुणा वेगळ्या ओळखाव्यात. मग बॅटरीच्या धन टोकापासून सुरुवात करून, चित्रात नसलेली वाट गाडीवर प्रत्यक्ष चालावी: पट्टी, सांगाडा, मडगार्डाचे बोल्ट, दिव्याची काळी वायर. प्रत्येक बोल्ट काढून पॉलिश पेपरनं पत्रा उघडा चकचकीत करावा, घट्ट आवळावा, वरून ग्रीस लावावं. यात एखादी सकाळ जाते आणि खर्च जवळजवळ नाही. इतकं करूनही दिवा चळला तरच निळ्या रेघेकडे वळावं. बऱ्याच गाड्यांत तोवर वळायची गरज उरलेली नसते.